नक्षीला दात म्हणणाऱ्यांस

पाच सुऱ्यांचा संच बनवणारे, तो चकचकीत खोक्यात भरणारे आणि काउंटरवरून गिऱ्हाइकापुढे सरकवणारे तुम्ही सगळे,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची आमच्याकडे रीत आहे. तो शब्द मी गाळला आहे, कारण तुमच्याविषयी मला प्रेम वाटत नाही. राग वाटतो, आणि तो तुमच्यापर्यंत पोचावा म्हणून हे उघड्यावर लिहिते आहे. तुमचं नाव घेत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच आहे.

संचातल्या पहिल्या चार सुऱ्यांबद्दल मी बोलत नाही. कांदा चिरते ती बरी आहे, फळं सोलते तीही चालते. मला बोलायचंय ते पाचवीबद्दल. सगळ्यांत लांब, शिसवी रंगाच्या मुठीची, खोक्यावर जिच्या चित्राखाली 'ब्रेड नाइफ' असं छापलंय ती. मूठ सुबक आहे, हे कबूल करते. पण ब्रेड मुठीने कापत नाहीत.

काय झालं ते सांगते. शुक्रवारी रात्री मी आंबवणाच्या बरणीत नवं पीठपाणी घातलं. शनिवारी सकाळी 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम कणीक, 350 मिली पाणी, 100 ग्रॅम आंबवण आणि 10 ग्रॅम मीठ असं कालवलं. मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने घड्या घातल्या, चार वेळा. संध्याकाळी गोळा वळला, पीठ भुरभुरलेल्या वेताच्या टोपलीत ठेवला आणि टोपली रात्रभर फ्रीजमध्ये. रविवारी सकाळी बिडाचं झाकणाचं भांडं भट्टीत 240 अंशांवर तापत ठेवलं, त्यात गोळा सोडला, वीस मिनिटांनी झाकण काढलं. पाऊण तासाने ब्रेड बाहेर आला. जाळीवर ठेवल्यावर त्याची वरची साल निवताना बारीक तडतडते, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल.

त्यानंतर मी दोन तास थांबले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण 'ताई, तुम्ही गरम कापला असेल' हे तुमचं पहिलं उत्तर असणार. गरम कापला नव्हता. भट्टीतून निघालेल्या ब्रेडच्या पोटात वाफ फिरत असते आणि आतलं पिष्ट अजून पुरतं बसलेलं नसतं. तेव्हा सुरी घातली तर आतला मऊ भाग पात्याला चिकटून गोळा होतो. हे मला ठाऊक आहे. घरभर वास सुटलेला असताना मी थांबले, आणि माझ्याबरोबर अप्पाही थांबले.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय 82, दोन्ही कवळ्या. जाड तुकडा त्यांना चावत नाही, लादीपाव टाळ्याला चिकटतो. पातळ काप तव्यावर खरपूस भाजून, वर साजूक तूप लावून दिला की मात्र ते दोन खातात, कधी तीन. भूक मंदावलेल्या माणसाने तीन काप खाल्ले तर त्या घराला काय वाटतं हे मी तुम्हाला कसं समजावू? तेवढ्यासाठी मी ब्रेड करायला शिकले. तेवढ्यासाठी तुमचा संच घेतला.

पातं सालीवर टेकवलं आणि पुढे सरकवलं. ते घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मग मी दाबलं. दाबल्यावर ब्रेडचं छप्पर खाली बसलं, आतली जाळी मिटली, आणि पातं अचानक साल फोडून वाकडं सुटलं ते थेट माझ्या डाव्या तर्जनीवर. तीन टाके पडले. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त कापते असं आई म्हणायची, ते का, हे त्या दिवशी कळलं. सुरीने करायचं काम आपण जोराने करायला जातो आणि जोर सुटला की तो कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

ताटात पाचर पडली होती. एका बाजूला अंगठ्याएवढी जाड, दुसरीकडे फाटलेली. अप्पांनी तिच्या कडा बाजूला काढल्या, मधला लगदा खाल्ला आणि म्हणाले, "चव छान आहे गं." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले. दीड दिवस राबून केलेल्या अन्नाला ज्या वस्तूमुळे असा शाबासकीचा टेकू लागतो, ती वस्तू तुम्ही विकली आहे.

बोट बरं झाल्यावर मी सुरी घेऊन बसले, पट्टी लावून मोजली. पातं 18 सेंटिमीटर. माझा ब्रेड रुंदीला 20. कापायचं म्हणजे पातं पुढे-मागे न्यायचं, आणि पातंच ब्रेडपेक्षा तोकडं असेल तर न्यायचं कुठे? टोक ब्रेडच्या आतच अडकतं आणि दर फेरीला आतून ओरबाडत येतं. अर्धा किलो पिठाच्या गोल ब्रेडला 25 सेंटिमीटरचं पातं लागतं. साच्यातल्या अरुंद ब्रेडला 20 चालेल. हे गणित पाचवीतल्या पोराला जमेल. तुमच्या कारखान्यात पाती कापणाऱ्याला ते कुणी विचारलं नसेल, पण ती लांबी कुणीतरी ठरवली ना?

मग दात. इंचाला पंधरा भरले, नखाला जेमतेम लागतील इतके उथळ. आमच्या गल्लीत सायकलवर दगडी चाक घेऊन धार लावणारे काका येतात, त्यांना सुरी दाखवली. त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली, अंगठा फिरवला आणि परत केली. म्हणाले, "ताई, ह्याला धार नाही, नक्षी आहे. चाकाला लावली तर ही नक्षीपण जाईल." पैसे घेतले नाहीत. दिवसाला जेमतेम चार घरच्या सुऱ्या मिळणारा तो माणूस हातात आलेलं काम नाकारून खरं बोलला. तुमच्या खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत लिहिलंय की या सुरीला कधीच धार लावावी लागत नाही. लावताच येत नाही, हे लिहायची तुमची हिंमत झाली नाही. खऱ्या दातांच्या सुरीला धार लावता येते. निमुळती गोल सळई घ्यायची आणि ज्या बाजूला उतार दिलाय त्या बाजूने एकेका खाचेतून फिरवायची. वेळखाऊ काम आहे, पण सुरी वर्षानुवर्षं टिकते. तुमच्या दातांत सळई शिरतच नाही.

दात कशाला लागतात हे तुम्ही कधी बघितलंय का? टोमॅटो आठवा. वर चिवट साल, आत रस. गुळगुळीत बोथट सुरी सालीवर रेटली तर साल कापली जाण्याआधी टोमॅटो चेपतो. ब्रेडचंही तेच, फक्त त्याहून अवघड, कारण इथे साल लाकडासारखी कडक आणि आत निम्म्याहून अधिक हवा. दाबलं की आधी आतलं ढासळणार. म्हणून दाताचं टोक हवं. हाताचा थोडासा जोर त्या टोकाएवढ्या जागेवर गोळा होतो आणि साल तिथे फुटते. मग दोन टोकांमधली खाच आत शिरते आणि पातं सरकेल तसं कापत जाते. खाली ढकलायचं फार थोडं, पुढे-मागे न्यायचं जास्त. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या अ‍ॅटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये चेडर चीज आणि सलामी कापून हे मोजून मांडलं होतं. पातं दाबता दाबता आडवं सरकवलं तर खाली लावावा लागणारा जोर घटतो, आणि जितकं सरकवाल तितका घटतो. माझ्या आजीने हे न मोजता सांगितलं असतं. विळीवर वांगं ती कधी थेट दाबायची नाही, ओढून घ्यायची.

दातांची विद्या आपल्याला नवी आहे असंही नाही. सुताराची करवत बघा. तीनधारी कानस घेऊन एकेक दात तासणारा सुतार आमच्या लहानपणी दारात बसलेला असायचा. कोकणात भात कापायला दातेरी वैभव विळा वापरा म्हणून शेतकऱ्यांना सांगतात. मूठभर ताटं धरायची, विळा ओढायचा, दात ताटाला धरून ठेवतात आणि कापतात. विळीच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते, ती तर घराघरांत. या सगळ्यांचे दात कामाचे आहेत. भातकापणीला तुमच्यासारखी नक्षी कुणी विकली असती, तर शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराच्या पुढ्यात आणून आपटली असती.

आम्ही आपटली नाही, कारण आम्हाला माहीत नव्हतं. आणि तुमच्यावरचा माझा खरा राग इथे आहे. मराठी घराला ब्रेडच्या सुरीची गरजच आजवर पडली नव्हती. लादीपाव हाताने सुटा होतो, हातानेच मोडतात. वडापाववाला पावाला चीर देतो ती कुठल्याही झिजक्या सुरीने देता येते, पाव इतका मऊ असतो. गोव्यात पोदेर सकाळी सायकलवरून उंडे आणि कातरे पाव घेऊन येतो, तेही ताटात मोडूनच खायचे. कडक सालीचा म्हणाल तर इराण्याकडचा ब्रुन, आणि तो गल्ल्यामागचा माणूस त्याच्या लांब दातेरी सुरीने चिरून, मस्का लावूनच पुढ्यात ठेवायचा. राहिला स्लाइस ब्रेड, तो यंत्रातून कापूनच येतो.

हे यंत्रही फार जुनं नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ओटो रोवेडर या जवाहिऱ्याने त्यासाठी कित्येक वर्षं घातली. 1917 मध्ये त्याचा नमुना आणि आराखडे आगीत जळाले, तरी त्याने सोडलं नाही. कापलेला ब्रेड लवकर वाळेल म्हणून बेकरीवाले त्याला उभं करत नव्हते. अखेर 7 जुलै 1928 रोजी मिसूरीतल्या चिलिकॉथी गावच्या बेकरीने त्याच्या यंत्रावर कापलेला ब्रेड विकायला काढला. पंधरा वर्षांत त्या देशाच्या हाताची सवय इतकी मोडली, की युद्धकाळात 18 जानेवारी 1943 ला सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदी घातली तेव्हा एका गृहिणीने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून विचारलं, नवरा आणि चार मुलांच्या सकाळच्या घाईत हे सगळे काप मी हाताने कसे पाडू? दोन महिनेही झाले नाहीत तोच, 8 मार्चला, बंदी उठली. त्या बाईंचा वैताग मला आतून कळतो.

तर, यंत्रामुळे त्यांच्या हातची सुरी सुटली आणि आमच्या हाती ती कधी आलीच नव्हती. गेल्या काही वर्षांत, विशेषतः 2020 च्या टाळेबंदीपासून, आमच्यातले कितीतरी जण घरी ब्रेड भाजायला लागले. कुणी दुधाचा मऊ ब्रेड करतं, कुणी नाचणीचा, कुणी माझ्यासारखा आंबवणाचा. बायका करतात, निवृत्त काका करतात, शाळकरी मुलं करतात. दुकानात गेल्यावर काय विचारायचं हे यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. दात किती खोल असावेत? पातं किती लांब? हे सांगायला घरात आजी नाही, कारण आजीने हा ब्रेड कधी कापलाच नाही. अशा वेळी सांगायचं काम तुमचं होतं. तुम्ही आमचं अज्ञान हेरलंत आणि नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी सुरी आमच्या हातात ठेवलीत. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. तुमच्या सुरीला खायचे दातच नाहीत.

ही वस्तू करायला कठीण आहे, नवीन आहे, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. 1893 मध्ये शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात जर्मनीतल्या एस्लिंगेनच्या फ्रीडरिख डिक कंपनीने ब्रेडची सुरी मांडली होती. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तेव्हापासून लोक ही सुरी करताहेत, वापरताहेत, सुधारताहेत.

मला खरी सुरी भेटली ती आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत. बोटाची पट्टी बघून चाचांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी काही न बोलता आपली सुरी फडक्याला पुसून माझ्यापुढे ठेवली आणि एक कडक पाव दिला. काळी पडलेली मूठ, दोन पितळी खिळे, पातं 25 सेंटिमीटरहून थोडं जास्तच. दात इंचाला चार, टोकदार, मध्ये चांगली खोल खाच. मी सवयीने दाबायला गेले तर त्यांनी माझं मनगट हलकेच वर उचललं. "वजन मत डालो बेटी, चलाओ बस." मी चालवली. साल करकरली आणि पातं आपल्या वजनाने उतरत गेलं. काप पडला तो दोन्ही बाजूंनी सारखा, आतली भोकं जशीच्या तशी. फळीवर चुरा चिमूटभर. मी तिथे उभी राहून अख्खा पाव कापला. हे इतकं सोपं असतं आणि मी मात्र तीन आठवडे स्वतःच्या हाताला, पिठाला, भट्टीला दोष देत होते. हे तुम्हाला सांगायलाच हवं. तुमची वस्तू वाईट निघाली की घरातली बाई आधी स्वतःलाच बोल लावते. 'मला जमलं नसेल.' तुमचा धंदा तिच्या या एका वाक्यावर चालतो.

आता माझी सुरी चाचांनी सांगितलेल्या ठिकाणाहून, रविवार पेठेतल्या भांड्यांच्या बाजारातून आणलेली आहे. खोकं नाही, स्टँड नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली. घेताना मी पाठीवर बोट दाबून पातं लवतं का ते बघितलं. पातळ पातं कापताना लवतं आणि काप पाचरीसारखा होतो. मूठ पात्याच्या थोडी वर उचललेली आहे, त्यामुळे शेवटच्या फेरीला बोटांची पेरं फळीवर आपटत नाहीत. दुधाचा मऊ ब्रेड करते तेव्हा तो आडवा, कुशीवर ठेवून कापते, कारण बाजूची साल वरच्यापेक्षा हळवी असते. असल्या मऊ ब्रेडला टोकदार दातांपेक्षा लाटेसारखी गोल धार जास्त मानवते, चुरा कमी पडतो. पण घरात एकच घ्यायची असेल तर मी टोकदार दातांचीच घेईन, कारण कडक साल तिच्याशिवाय वश होत नाही. विजेवर चालणाऱ्या सुऱ्या मिळतात, धनुष्यासारख्या लाकडी चौकटीत दातेरी पट्टी ताणून बसवलेल्या सुऱ्याही मिळतात. ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. मला हातात मावणारी, धुऊन पुसून खिळ्याला टांगता येणारी साधी सुरी पुरते.

तुमच्याकडून मला पैसे परत नकोत. खोक्यावर पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये छापा, मुठीसकट नव्हे, नुसत्या पात्याची. दात इंचाला किती ते छापा. 'कधीच धार लावावी लागत नाही' ही ओळ काढा. काउंटरवर एक कडक पाव आणि एक लाकडी फळी ठेवा आणि गिऱ्हाइकाला कापू द्या. साडी घेताना आम्ही पदर उलगडून बघतो, आंबा घेताना देठाशी वास घेतो, सुरी मात्र प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद का घ्यायची? आणि जोवर खऱ्या दातांचं पातं करत नाही, तोवर त्या पाचव्या सुरीला 'ब्रेड'चं नाव देऊ नका. चार सुऱ्यांचाच संच विका. कुणी पाचवी का नाही म्हणून विचारलं तर सांगा, ती वेगळी घ्यावी लागते, नीट बघून घ्या. एवढं सांगितलंत तरी तुमच्या दुकानात मी परत येईन.

तुमची सुरी मी कुणाला दिली नाही. फुकट दिली तरी ती कुणाचं तरी बोट कापणारच. पात्याला जुनं फडकं गुंडाळून, दोरी बांधून ती माळ्यावर टाकली आहे. भंगारवाला आला की देईन, आणि देताना त्यालाही सांगेन की वितळवायला घाल, पुन्हा विकू नकोस.

आज रविवार आहे. ब्रेड जाळीवर आहे, अकरा वाजायला वीस मिनिटं कमी आहेत, म्हणजे अजून अर्धा तास तरी थांबायचं. अप्पांनी कवळ्या घालून ठेवल्या आहेत आणि दर पाच मिनिटांनी विचारताहेत, निवला का गं?